पाटोच्या चिखलातलं भुयारी स्थानक: एका प्रबंध-आराखड्याचा अभ्यास

पणजीला रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेने येणारा माणूस करमळीला उतरतो आणि तिथून बस, टॅक्सी नाहीतर पायलटच्या (भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या) मागे बसून राजधानीत येतो. वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, डिचोली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने हाच दुवा प्रबंधासाठी घेतला. करमळीहून रायबंदरमार्गे येणारी चार डब्यांची छोटी मेट्रो, आणि पणजीत तिचं शेवटचं, जमिनीखालचं स्थानक. मी तिचा बाहेरचा मार्गदर्शक होतो.

ही रेल्वे फक्त कागदावरची आहे, हे आधीच सांगतो. मुंबईच्या मेट्रो ३ ला साडेतेहेतीस किलोमीटरसाठी ३७,००० कोटींहून जास्त खर्च आला. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास होती. तेव्हा हा खर्च परवडेल का, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे आणि ते तिलाही ठाऊक होतं. तरीही विषय मला महत्त्वाचा वाटला. भुयारी स्थानकांबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते खांब, छत, भित्तिचित्रं आणि रंगांबद्दल. कोकणपट्टीत असं स्थानक बांधायचं तर पाणी आधी बोलतं, बाकी सगळं नंतर. हा आराखडा त्या पाण्याने टप्प्याटप्प्याने कसा बदलत गेला ते इथे मांडतो आहे.

भुयारच का, याचं तिचं उत्तर पटण्यासारखं होतं. पाटो या पणजीच्या पूर्व टोकाच्या भागावर मांडवीच्या पुलांचे रस्ते आधीच एकमेकांवरून गेलेले आहेत. २०१९ मध्ये मांडवीवरचा अटल सेतू खुला झाला तेव्हापासून तिथलं आकाश आणखी भरलं. त्यात आणखी एक उन्नत मार्ग आणला तर फोंताइन्हासच्या जुन्या घरांसमोर दहा मीटर उंच काँक्रीट उभं राहील. म्हणून खाली जायचं.

आल्तिनोची गुहा

तिचा पहिला आराखडा पाटोवर नव्हताच. तिने स्थानक आल्तिनोच्या टेकडीच्या पोटात घातलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी आडवं शिरायचं, आत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) मोठी गुहा, गुहेच्या भिंती तशाच उघड्या, आणि वर टेकडीवर जायला लिफ्ट. चित्रं सुंदर होती. प्रेरणा उघडच स्टॉकहोमची. तिथल्या निळ्या मार्गावर १९७५ पासून जी स्थानकं उघडली त्यांत खडक कापून केलेल्या पोकळीचा ओबडधोबड आकार तसाच ठेवला, त्यावर काँक्रीटचा थर फवारला आणि त्यावर चित्रकारांनी रंगकाम केलं. आपल्याकडे चिरा आहे, मग आपली गुहा चिऱ्याची का नको, असं तिचं म्हणणं.

स्टॉकहोमखाली ग्रॅनाइट आणि नाईस जातीचा कठीण खडक आहे. तो पोकळी बऱ्याच अंशी स्वतःच पेलतो. आल्तिनोचं तसं नाही. चिरा वरच्या थरात घट्ट असतो, हवा लागली की आणखी टणक होतो, म्हणून तर आपली घरं त्याची. पण त्याच्या पोटात छिद्रंच छिद्रं असतात आणि पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली उतरतं. खाली काही मीटरवर लागते मऊ, चिकट, पांढुरकी-पिवळी माती. भूगर्भशास्त्रात तिला लिथोमार्ज म्हणतात. पाणी त्या थरावर येऊन अडतं. कोरडी असताना ही माती उभा काप देते, भिजली की तिचा चिखल होतो.

याचा पुरावा शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. आल्तिनोच्या पायथ्याशी फोंते फेनिक्स आणि बोक द व्हाक हे जुने झरे आहेत. टेकडीत मुरलेलं पाणी त्या वाटांनी बाहेर येतं. ज्या पोटात ती गुहा काढणार होती तिथूनच या पाण्याचा प्रवास चालतो. गुहा काढली तर पाणी गुहेत येईल आणि झरे आटतील, असं दुहेरी नुकसान.

मी तिला पेडण्याच्या बोगद्याची गोष्ट वाचायला सांगितली. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. ती लांबण्याच्या कारणांत गोव्यातल्या मऊ मातीचे बोगदे ठळक होते आणि त्यांत पेडण्याचा सगळ्यांत त्रासदायक. खोदलं की वरून माती आणि पाणी येऊन जागा पुन्हा भरायची. त्या कामात माणसं दगावली. बांधून झाल्यावरही तो शांत बसलेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या भिंतीचा काही भाग ढासळला आणि गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये रुळांवर पाणी आणि चिखल आला, वाहतूक थांबली. एका रुळाचा बोगदा हे करतो. स्थानकाच्या पोकळीची रुंदी त्याच्या तिपटीहून जास्त असते.

तिने आल्तिनो सोडलं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण आडवं शिरण्याची कल्पना चांगली होती. जिना न उतरता फलाटावर पोचता येणं ही म्हाताऱ्या माणसांसाठी केवढी सोय. पण माती नाही म्हणाली.

पाटोची पेटी

दुसरी जागा कदंब बसस्थानकाजवळची. बसमधून उतरला की रेल्वे, रेल्वेतून उतरला की बस, हा हिशेब उत्तम. जमीन मात्र आल्तिनोपेक्षाही अवघड. पाटोचा हा भाग खाजन (बांध घालून खाडीपासून राखलेली सखल जमीन) आणि खारफुटीच्या चिखलावर भराव घालून उभा राहिला आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला ओरेमची खाडी, आणि दोन्हींत भरती-ओहोटी. जमिनीतलं पाणी पावसाळ्यात जवळजवळ रस्त्याच्या पातळीला येतं असं धरूनच चालावं लागतं. बोगद्याची वाट आखताना पुलांच्या पायातले पाइल (जमिनीत खोल गेलेले खांब) चुकवायचे, ते वेगळंच.

मात्र इथे एक गोष्ट सोपी होती. जागा मोकळी असल्याने वरून खोदून बांधता येत होतं. आधी चारही बाजूंना खोल डायफ्राम वॉल (जमिनीत खणलेल्या चरात ओतलेली काँक्रीटची भिंत) ओतायची, मग आतली माती काढत खाली जायचं, तळाचा स्लॅब, मधला तिकीट मजला, वरचा स्लॅब, आणि त्यावर पुन्हा माती. अशा पद्धतीच्या स्थानकाला पेटी म्हणतात. तिची पेटी १२० मीटर लांब, २० मीटर रुंद, १४ मीटर उंच. वरच्या स्लॅबवर दोन मीटर माती.

एक दिवस मी तिला विचारलं, "तुझं स्थानक वर येणार नाही कशावरून?"

"वर कसं येईल, सर? एवढं काँक्रीट आहे."

"वजन करून बघ."

तिने केलं. पेटी जितकं पाणी बाजूला सारते तेवढा जोर तिला खालून वर ढकलतो. १२० गुणिले २० गुणिले १४ म्हणजे ३३,६०० घनमीटर, म्हणजे तितकेच टन वरच्या दिशेने. समोर पेटीचं स्वतःचं वजन. काँक्रीटचा घनमीटर अडीच टन धरला. दीड मीटर जाडीचा तळ ९,००० टन. सव्वा मीटरच्या जरा आतलं, १.२ मीटर जाडीचं छत ७,२०० टन. तिकीट मजला ३,६०० टन. एक मीटर जाडीच्या भिंती ७,७५० टन. वरची दोन मीटर माती पाण्यात बुडालेली असते तेव्हा तिचं वजन घनमीटरमागे नऊशे किलोच्या आसपास भरतं, ते ४,३०० टन. एकूण बेरीज ३१,९०० टनांच्या खालीच राहिली. सतराशे टन कमी. शिवाय नुसता समतोल पुरत नाही, निदान दहा टक्के जास्तीचं वजन हाताशी हवं.

हा आकडा तिला खोटा वाटला. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडला. हजारो टनांची इमारत चिखलातून वर उचलली जाईल हे मनाला पटत नाही, पण खाडीकाठच्या प्रत्येक भुयारी स्थानकाच्या रचनाकाराला हा हिशेब करावाच लागतो. भिंतींचं मातीशी होणारं घर्षण थोडी मदत करतं, पण भरावाच्या मऊ चिखलावर तिने फार विसंबू नये असं मी सुचवलं. मग उरतात दोन उपाय: वर वजन वाढवणं, नाहीतर तळाखाली ओढ घेणारे पाइल घालून पेटी खाली धरून ठेवणं. कोणता निवडायचा ते तिथेच ठरलं नाही. ते ठरलं दाराशी.

तोंड

या आराखड्यावर आमचा सगळ्यांत जास्त वेळ ज्यावर गेला तो भाग म्हणजे रस्त्यावरून आत शिरण्याची जागा. मला ती कोणत्याही भुयारी स्थानकातली सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत कमी मान मिळालेली जागा वाटते.

२६ मे २०२५ ला मुंबईत पाऊस लवकर आला. मेट्रो ३ चं आचार्य अत्रे चौक स्थानक त्याच महिन्यात प्रवाशांसाठी उघडलेलं होतं. एका प्रवेशद्वाराचं काम अजून चालू होतं. तिथे पाणी अडवण्यासाठी बांधलेली भिंत कोसळली आणि पाणी जिन्यावरून, छताच्या पट्ट्यांमधून आत ओतलं. वरळीपर्यंतच गाड्या चालवाव्या लागल्या. चीनमधल्या झेंगझोऊत २० जुलै २०२१ ला एका तासात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, गाड्यांच्या तळाजवळची पाणी अडवणारी भिंत कोसळली, पाणी बोगद्यात घुसलं आणि मार्ग ५ वरच्या गाडीत १४ माणसं गेली. न्यूयॉर्कचं साउथ फेरी हे नवं स्थानक २००९ मध्ये उघडलं आणि २०१२ च्या सँडी वादळात खाऱ्या पाण्याने छतापर्यंत भरलं. तिन्ही ठिकाणी स्थानकाच्या स्वतःच्या भिंती, खांब, तळ जागच्या जागी होते. पाणी आलं ते वरून, उघड्या वाटेने.

म्हणून मी तिला स्थानकाची सगळी तोंडं मोजायला लावली. तिने दोन सांगितली, दोन जिने. मग यादी वाढत गेली. लिफ्ट हे तोंड आहे, कारण तिचा खड्डा सगळ्यांत खाली असतो. हवा खेळवणाऱ्या शाफ्टच्या जाळ्या हे तोंड आहे. न्यूयॉर्कमध्ये पदपथाला समांतर बसवलेल्या जाळ्यांतूनही पाणी आत गेलं. केबलचे पाइप, छतातला स्कायलाइट, आणि रायबंदरच्या बाजूला जिथे रूळ उघड्यावरून जमिनीखाली उतरतात ती उतरण. ही शेवटची सगळ्यांत मोठी, आणि तिच्या कागदावर ती नव्हतीच, कारण ती स्थानकाच्या हद्दीबाहेर पडत होती. पाणी हद्द बघत नाही. तिने त्या उतरणीवर छप्पर, बाजूंना उंच कठडे आणि उतार संपतो तिथे आडवं गटार दाखवलं.

मग जोत्याची उंची. बँकॉकची भुयारी मेट्रो २००४ मध्ये सुरू झाली, आणि तिथे प्रवेशद्वारं रस्त्यापासून उंच उचललेली आहेत. आधी काही पायऱ्या चढायच्या, मग उतरायचं. शहराला पुराची सवय आहे हे त्या पायऱ्यांतून कळतं. पणजीत किती उचलायचं? तिने बसस्थानकाच्या आसपासच्या गाडेवाल्यांना आणि मळा या जवळच्या वस्तीतल्या दुकानदारांना विचारलं. त्यांनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की गटारांतलं पाणी खाडीत जाऊच शकत नाही, उलट फिरतं. गुडघ्याच्या जवळपास, अर्ध्या मीटरची खूण बहुतेकांनी सांगितली. तिने त्यावर समुद्राची वाढती पातळी आणि राखीव अंतर धरून १.२ मीटर ठरवलं.

इथे पाण्याचा आणि माणसाचा झगडा उभा राहिला. १.२ मीटर म्हणजे आठ पायऱ्या. चाकाच्या खुर्चीतला माणूस, सुटकेस ओढणारा पर्यटक, मासळीची पाटी घेतलेली बाई, गुडघे धरलेली आजी, या सगळ्यांना रॅम्प हवा. एकास बाराचा चढ नियमाने चालतो, पण ओल्या चिऱ्यावर, भर पावसात, तो अंगावर येतो. तिने एकास पंधरा घेतला. अठरा मीटर लांबी, मध्ये विसाव्याची सपाट जागा, म्हणजे वीस मीटर. पहिल्या नकाशात हा रॅम्प मागच्या बाजूला, स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून होता. पायऱ्या पुढे, दिमाखात.

मी त्यावर लाल पेन्सिलने काट मारली. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याने इमारतीच्या पाठीमागून का यावं? तिने दोन आठवडे घेतले आणि जे आणलं ते या प्रबंधातलं सर्वोत्तम पान आहे. तिने रॅम्पलाच मुख्य वाट केलं. छपराखाली, रुंद, एका कडेला बसायला चिऱ्याचा सलग कट्टा. बसची वाट बघणारे त्या कट्ट्यावर बसतील, चढणारे त्यांच्या बाजूने चढतील. आठ पायऱ्या बाजूला, घाई असलेल्यांसाठी. आपल्या जुन्या घरांच्या सोप्यावर बसलेली माणसं आणि आत जाणारा पाहुणा यांची जशी गाठ पडते तशी गाठ इथे पडते. हे तिने कुठल्या परदेशी मासिकातून घेतलं नव्हतं.

आणि या उंचीनेच आधीचा अडलेला हिशेब सोडवला. नुसतं दार उचलण्याऐवजी तिने पेटीच्या वरचा सगळा चौकच १.२ मीटर उचलला. त्यामुळे प्रत्येक जिना, लिफ्ट, शाफ्ट आपोआप सुरक्षित पातळीला आला. शिवाय तो भराव पाण्याच्या वरचा, कोरडा, म्हणून पूर्ण वजनाचा: जिने आणि स्कायलाइटची जागा वगळून सुमारे ४,४०० टन. पुरात खालचा अर्धा मीटर भिजतो हे धरलं तर ३,५०० टन. चौकाची उंची आणि पेटीचं वजन हे एकच काम निघालं.

त्यातून नवा प्रश्न आला, आणि तो ज्युरीच्या आधी तिला स्वतःलाच सुचला याचा मला अभिमान आहे. आतापर्यंत पुराचं पाणी या मोकळ्या जागेवर पसरायचं. २,४०० चौरस मीटर जागा अर्ध्या मीटर पाण्यातून उचलली तर १,२०० घनमीटर पाणी दुसरीकडे जाणार. म्हणजे शेजारच्या दुकानांत आणि मळ्यातल्या घरांत. आपलं स्थानक कोरडं ठेवायला लोकांची ओटी भिजवायची, हे कुठल्याही अर्थाने चांगलं वास्तुशास्त्र नाही. तिने खाडीच्या बाजूला तेवढंच पाणी मावेल अशी खोलगट हिरवी जागा दिली आणि तिच्या तोंडाशी खाजनातल्या मानशीसारखं दार बसवलं. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने ते मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. वीज लागत नाही. गोव्याच्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं वापरलेली ही यंत्रणा मेट्रोच्या नकाशावर बघून मला खरोखर आनंद झाला.

छपराबद्दल थोडं. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येकडून तिरपा येतो. म्हणून तोंड ईशान्येकडे वळवलं. वीस मीटर बाय आठ मीटरचं छप्पर तासाला शंभर मिलिमीटरच्या सरीत सोळा हजार लिटर पाणी गोळा करतं. ते पन्हळीतून दोन वेगळ्या पाइपांनी खाली न्यायचं, कारण एक पाइप पहिल्याच आठवड्यात पानांनी तुंबतो. उंबऱ्याशी पूर्ण रुंदीची जाळी, आणि दाराच्या चौकटीत पूरफळ्या सरकवायला खाचा. फळ्या कुठे ठेवायच्या, असं विचारल्यावर तिने आधी गोदाम दाखवलं. रात्री दोन वाजता पाणी चढतं आहे आणि ड्यूटीवर एकच माणूस आहे, असं धरलं की फळ्या दाराच्या शेजारच्या कपाटातच हव्यात.

चार मिनिटं

भुयारी स्थानकांसाठी जगभर जे अग्निसुरक्षेचे निकष वापरतात, आपल्या मेट्रोंतही, त्यांचा गाभा असा: फलाट चार मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि सगळे सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोचले पाहिजेत. एक मीटर रुंद जिन्यावरून मिनिटाला सुमारे ५५ माणसं चढतात. चार मिनिटांत २२०. चार डब्यांच्या भरलेल्या गाडीत हजार माणसं आणि फलाटावर दोनशे धरली, तर साडेपाच मीटर जिना हवा. तिच्याकडे दोन्ही टोकांना १.८ मीटरचा एकेक होता. सरकते जिने होते, पण त्यांतला एक बंद आहे असं धरूनच हिशेब करायचा असतो.

तिसरा जिना घालायचा म्हणजे फलाटाच्या मधोमध. आणि तिथेच तिची लाडकी गोष्ट होती, मजल्याला आणि छताला आरपार छेद देऊन फलाटापर्यंत दिवसाचा उजेड आणणारी बारा मीटर बाय आठ मीटरची पोकळी. लंडनच्या ज्युबिली मार्गावर वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांच्या, १९९९ मध्ये उघडलेल्या कॅनरी वॉर्फ स्थानकात सरकत्या जिन्यांच्या वर काचेचे मोठे घुमट आहेत. उजेड बघत माणूस वर येतो, पाटी वाचावी लागत नाही. तिला तेच हवं होतं.

जिना की उजेड, असा वाद काही दिवस चालला. शेवटी तिने जिनाच उजेडात ठेवला. घाबरलेला माणूस उजेडाकडे पळतो, तर मग तिकडेच वाट असू दे. तिन्ही जिने दोन मीटरचे केले, सहा मीटर झाले.

पण भोक म्हणजे धुराची वाट. १८ नोव्हेंबर १९८७ ला लंडनच्या किंग्स क्रॉसला लाकडी सरकत्या जिन्याखाली लागलेली आग उताराच्या पन्हळीतून वर झेपावली आणि तिकीट हॉलमध्ये ३१ जणांचा बळी गेला. तेव्हापासून जमिनीखाली लाकूड, ज्वलनशील रंग, प्लास्टिकचे पत्रे यांना जागा राहिली नाही. तिने पोकळीच्या कडेला आपोआप खाली उतरणारे धूररोधक पडदे घातले आणि धूर पेटीच्या दोन टोकांच्या शाफ्टमधून ओढून घेणारे पंखे दाखवले.

आणि भोक म्हणजे वजनाची घट. छतातून तेवढा स्लॅब आणि त्यावरची माती गेली, तिकीट मजल्यातूनही तुकडा गेला, मिळून सुमारे ६०० टन. उजेडासाठी पेटी हलकी झाली. दहा टक्के राखीव धरून आता ५,७०० टनांची तूट होती. चौकाच्या भरावाने ३,५०० भरले, उरलेले २,२०० टन ओढ घेणाऱ्या पाइलवर सोपवले. तिने हा हिशेब नकाशाच्या कडेला हाताने लिहून ठेवला होता. तो तसाच ठेव, असं मी सांगितलं.

भिंतीमागचं पाणी

साहित्यावर फार लिहीत नाही. एकच मुद्दा. चिखलात ओतलेली डायफ्राम वॉल कधीच पूर्ण कोरडी नसते, सांध्यांतून ती पाझरते. पाझर शंभर टक्के थांबवण्याच्या मागे लागण्यापेक्षा त्याला वाट द्यायची. म्हणून आतली दिसणारी भिंत बाहेरच्या भिंतीपासून हातभर सुटी, मधल्या पोकळीत पाणी उतरतं, तळाच्या नालीतून संपात (पाणी गोळा होण्याच्या खड्ड्यात) जातं, तिथे दोन पंप आणि एक राखीव, वेगळ्या वीजवाहिनीवर. आतले पट्टे सुटे करता यावेत, म्हणजे मागे काय चाललं आहे ते दरवर्षी बघता येईल.

तिला आतल्या भिंतीही चिऱ्याच्या हव्या होत्या. छिद्रं धूळ आणि ओल धरतात, पुसता येत नाहीत, म्हणून चिरा फक्त वर, कट्ट्याला आणि जोत्याला. खाली तिने रंगवलेल्या फरशा घेतल्या. लिस्बनची मेट्रो १९५९ मध्ये सुरू झाली तेव्हा मारिया काइल यांनी तिच्या स्थानकांसाठी फरशांची रचना केली होती. फरशी जळत नाही, पुसली की स्वच्छ होते, आणि पणजीला ती परकी नाही. नक्षी मात्र तिने आपल्या देवळांच्या भिंतींवरच्या कावी कलेतून घेतली, पांढऱ्यावर गेरूचा लाल. जमिनीखाली तो लाल रंग फार चांगला दिसेल असं मला वाटतं.

ज्युरी

ज्युरीत बहुतेक प्रश्न अपेक्षित होते. शाफ्टच्या बांधकामांची उंची फोंताइन्हासच्या बाजूने दिसते, यावर एका परीक्षकाने बोट ठेवलं आणि ते बरोबर होतं. ते शाफ्ट पुलाच्या रस्त्याच्या बाजूला हलवायला हवे होते. अजूनही तो भाग मला कच्चा वाटतो.

शेवटचा प्रश्न एका स्थापत्य अभियंत्याचा होता. "हे सगळं बांधून झाल्यावरचं आहे. बांधताना जून आला तर?"

तिच्याकडे त्यासाठी वेगळं पान होतं. मुंबईत आणि झेंगझोऊत पाणी अडवण्यासाठी उभी केलेली भिंतच कोसळली होती, हे तिने मनावर घेतलं होतं. त्या पानावर तीन पावसाळे मांडलेले होते. पहिल्या जूनपूर्वी डायफ्राम वॉल रस्त्याच्या वर १.२ मीटर उचलून घ्यायची, म्हणजे खड्ड्याभोवती कायमचीच भिंत उभी राहते. दुसऱ्या जूनपूर्वी छताचा स्लॅब पूर्ण, उघडी राहिलेली प्रत्येक जागा आराखड्यात लाल. तिसऱ्या जूनमध्ये एक तोंड प्रवाशांना उघडायचं असेल, तर अपुऱ्या राहिलेल्या दुसऱ्या तोंडाची बंदिस्ती पत्र्याची किंवा विटांची चालणार नाही. ती कायमच्या भिंतीइतक्याच उंचीची, पाण्याचा दाब धरून मोजलेली काँक्रीटची, आणि तिच्या पायाशी वेगळा संप. अभियंत्याने त्या भिंतीची जाडी विचारली. तिने सांगितली, आणि तळाशी बसणाऱ्या दाबाचा आकडाही सांगितला.